देव्हाऱ्यातलं पुस्तक

"तुम्ही पुस्तकांवर बसलाय," तेजश्री म्हणाली.

पोलादपूर स्टँडबाहेरच्या वडाप जीपमध्ये मागे तिच्या दोन गोण्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर तो ऐसपैस बसला होता. मांडीवर खिळ्यांची पिशवी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तिचं बोलणं ऐकून तो ताडकन उठला, जीपच्या टपावर डोकं आपटलं, आणि तसंच वाकून त्यानं गोणीला हात लावून तो कपाळाला नेला.

"मला वाटलं तांदूळ हाय."

"तांदळावर बसलेलं चालतं?"

"तांदूळ तक्रार करत नाय ना, मॅडम."

ती हसली नाही. हसणं तिच्याकडून माघातच राहून गेलं होतं. पण आंबेनळीच्या पहिल्या वळणावर गोणी घसरली, तेव्हा त्यानं ती पायानं अडवली नाही. दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि फाटा येईपर्यंत झोपलेलं मूल सांभाळावं तशी धरून ठेवली. ते तिनं पाहिलं… तिनं पाहिल्याचं त्यानंही पाहिलं, आणि मग दोघंही बराच वेळ दरीकडे बघत राहिली.

त्याचं नाव भरत. खडपवाडीचा. मुंबईत एका लिफ्टच्या कंपनीत कामाला, आणि पावसाआधी घराची कौलं शाकारायला रजा टाकून आलेला. ती कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही. गोण्या बघूनच त्यानं ओळखलं. येसाजी गुरुजी दर उन्हाळ्यात अशाच गोण्या घेऊन वाडीवर यायचे. शाळेला सुट्टी लागली की मुलांचं वाचन सुटतं, जूनमध्ये सहावी-सातवीची पोरं अडखळत वाचतात, म्हणून नोकरीत असतानाही आणि निवृत्तीनंतरही त्यांचा वैशाख वाड्यावाड्यांवर जायचा. माघात ते गेले. तेजश्री महाडच्या कॉलेजात शिकवत होती, तिलाही सुट्टी होती. आईनं विचारलं, पुस्तकांचं काय करायचं? महाडच्या एका शाळेनं ती कपाटात ठेवायला मागितली होती. तेजश्रीनं आईला सांगितलं, या उन्हाळ्यात मी जाते. एका मुलानं जरी मनापासून वाचलं, तर बाबांचं काम चालू ठेवू. नाहीतर देऊन टाकू.

खडपवाडीत बायका अंगणात जमल्या. भरतची आई तुळसा तिला कुरवाळून म्हणाली, "गो बाय, गुरुजींसारखंच कपाळ हाय तुजं."  पुस्तकं वाटताना तेजश्रीला जे बोलायचं होतं ते सुचलं नाही. प्रत्येकीच्या हातात पुस्तक देताना ती एवढंच म्हणत गेली, "बाबांची आठवण आहे. जपा."

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. मुलं काजूच्या बिया भाजून काळ्या झालेल्या हातांनी पुढं यायची. पुस्तक कसं आहे विचारलं की म्हणायची, छान आहे. त्यात काय आहे विचारलं की एकमेकांकडे बघायची आणि करवंदाच्या जाळीत पसार व्हायची. भरत कौलांवर बसून हे सगळं बघत असायचा. त्यानं एकदा वरूनच विचारलं की सगळी वाडी तिला ताई म्हणते, तर त्यानं काय म्हणायचं.

"तुम्हीही ताईच म्हणा."

"ते सोडून काय पन सांगा."

"मग काहीच म्हणू नका."

"बरं," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून खरंच काही म्हणेनासा झाला. फक्त ती आली की पाण्याचा तांब्या घेऊन शिडीवरून खाली उतरायचा. घाटातल्या उन्हानं तिचे डोळे चुरचुरत असायचे. तांब्यातल्या पाण्याला वाळ्याचा वास यायचा. वाळा तुळसा कधीच टाकत नसे.

एक दिवस उन्हाचं बसायला म्हणून ती घरात गेली. भरतची पुतणी श्रुतिका भांडी घासत होती. जूनमध्ये आठवीत जाणारी, लांब मानेची, अबोल मुलगी. तेजश्रीनं तिला विचारलं, तुझं पुस्तक कुठाय? श्रुतिकानं राखेचा हात देव्हाऱ्याकडे केला.

देवांच्या टाकांशेजारी, लाल कापडात गुंडाळलेलं, वर हळदकुंकू आणि ताजं जास्वंद. तुळसा कौतुकानं पुढं झाली. रोज दिवा दाखवते म्हणाली. पोरांच्या हाती दिलं तर फाटणार, म्हणून हात लावू देत नाही म्हणाली. आणि एकट्या तिच्याच घरी नाही, सगळ्या वाडीत तसंच आहे, हेही तिनं अभिमानानं सांगितलं.

तेजश्री बाहेर येऊन जोत्यावर बसली. भरत तांब्या घेऊन उभाच राहिला.

"त्यांनी असं का केलं?" ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, फाडलंत तरी चालेल. करवंदाचा डाग पडून पुस्तक परत आलं की ते घरी सगळ्यांना दाखवायचे."

तो थोडा घुटमळला. "तुमीच बोललात ना… जपा म्हणून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही. वडिलांना पोचवलं त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आत्ता आलं. आपण त्यांना दुसऱ्यांदा, आणि या खेपेला स्वतःच्या हातानं पोचवलं, असं तिला वाटलं. त्यांचं हसणं, खोकणं, खिशातल्या शेंगा, सगळं पुसून त्यांचा देव करून टाकला, आणि देवाचं कोण वाचतं?

पुढच्या आठवड्यात ती घरोघरी विनवत गेली. बायका कळवळून ऐकायच्या, पण देवापुढं ठेवलेली वस्तू उचलायची कशी? गुरुजींचं वर्ष सरू दे, मग बघू. तुळसाही अडून बसली. तेव्हा भरतनं टपरीवरून नारळ आणला, आंघोळ करून ओल्या केसांनी देव्हाऱ्यापुढं उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालू लागला. देवाला असं जाहीर सांगणं-मागणं घालायचं काम म्हाताऱ्यांचं, त्यामुळे श्रुतिका आजीच्या पदराआड हसली.

"देवा म्हाराजा, आन् गुरुजी, तुमी पन ऐका. भोळेपनानं तुमचं पुस्तक आमी बसवून ठेवलं. आता ते पोरीच्या हाती जाऊ दे. डाग पडला, पान फाटलं, तर राग धरू नका."

"होय म्हाराजा," तुळसा म्हणाली.

"आन् ज्यांना हसून लय दिवस झालेत, त्यांच्या तोंडावर जरासं हसू येऊ दे."

"होय म्हाराजा," तुळसा म्हणाली, आणि मग संशयानं लेकाकडे वळून बघितलं.

तेजश्री हसली. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, नाइलाज झाल्यासारखी. भरतचे डोळे मिटलेले होते, तरी त्याचे कान लाल झाले.

पुस्तक खाली आलं. पण वाडीत तेवढं एकच. आणि तेही श्रुतिकाच्या हातात रमेना. कसं वाटतंय, असं तेजश्रीनं विचारलं की ती म्हणायची, बोअर हाय. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच. तेजश्रीनं महाडच्या शाळेला फोन करून सांगितलं की पुस्तकं न्यायला माणूस पाठवा. फोन ठेवल्यावर बाबांच्या खोलीकडे बघायचं तिनं टाळलं. भरतला तिनं हे सांगितलं. तो तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला, आणि वाटेत काटेरी फांदी आली की नुसता हातानं बाजूला धरून उभा राहायचा.

मेअखेरीस मुंबईहून त्याच्या भावाचा, श्रुतिकाच्या वडिलांचा, निरोप आला. आठवीसाठी रोजची डोंगरातली पायपीट नको, श्रुतिकाला घेऊन ये. भरतनं वाढवून घेतलेली रजाही संपलीच होती.

निघायच्या दिवशी तेजश्री फाट्यावर गेली. जीप उभी होती. सीट भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. श्रुतिका आत खिडकीशी बसली होती. भरत बाहेर, हातात पिशवी.

"कौलं झाली का शाकारून?" तिनं विचारलं.

"ती कवाच झाली."

"मग रजा का वाढवलीत?"

"तुमाला ठाऊक हाय."

ड्रायव्हरनं ओरडून सांगितलं, अजून दोन सीट. उतारावरून एक म्हातारा काठी टेकत येताना दिसला.

"मला तुमी आवडता," भरत म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं. गोणी धरून बसलो होतो तवापासनं. चला म्हणत नाय. फक्त, मी परत यावं का… तेवढं सांगा."

म्हातारा येऊन बसला. तेजश्रीला पुष्कळ बोलायचं होतं. की माणूस जाताना बघणं आता सोसत नाही, म्हणून कुणी येऊच नये असं वाटतं. की तरीही ती दर आठवड्याला घाट चढताना आधी कौलांकडे बघायची, मग मुलांकडे. 

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली.

"येवढंच?"

"आत्ता एवढंच जमतंय, भरत."

त्यानं आपलं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "पुरं हाय," म्हणाला, आणि पोर कडेवर घेतलेली एक बाई आली, तशी सीट भरली. तो चढला. जीप सुरू झाली.

तेजश्री खिडकीशी गेली. श्रुतिकाला निरोप द्यायला म्हणून तिनं हात वर केला, नावानं हाक मारली. तिनं ऐकलं नाही. ती देव्हाऱ्यातल्या त्याच पुस्तकावर वाकली होती, बोट ओळीवरून सरकत होतं, ओठ हलत होते. जवळजवळ शेवटची पानं होती. इंजिनाचा धूर आत आला, जीपनं हिसका दिला, तिचा खांदा खिडकीवर आदळला, तरी मान वर झाली नाही. अख्ख्या वाडीतलं वाचणारं एकच मूल, आणि ते निघालं होतं. पण तेजश्रीनं आईला सांगितलं होतं, तेही एकच मूल.

मागच्या काचेतून भरत बघत होता. तिनं त्याला बोटानं श्रुतिका दाखवली. त्यानं वळून पाहिलं, आणि हलकेच ओठांवर बोट ठेवलं.

तेजश्रीनं वर केलेला हात खाली घेतला. जीप आंबेनळीच्या वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, पण तिनं पुन्हा हाक मारली नाही.