उंच पाऊल

जहाजाच्या दारांना खाली वीतभर उंच लोखंडी उंबरा असतो, पाणी आत शिरू नये म्हणून. त्यामुळे माझा नवरा सुट्टीवर आला की पहिले काही दिवस घरातल्या प्रत्येक दारात पाय उचलून चालायचा. सपाट फरशीवरसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, “आला आमचा बगळा!” नौदलात नवखा अधिकारी होता तेव्हापासूनचं हे. पुढे तो जहाजाचा मार्ग आखणारा झाला, मग थेट कप्तानाच्या खालोखालचा. पण बगळा तो बगळाच.

या खेपेला तो आला तेव्हा आमची ठकू भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. त्याने तिला अजून पाहिलंही नव्हतं. तिला नवं झबलं घालून मी कडेवर घेऊन उभी. त्याने बॅग ठेवली आणि पाय घासत सरळ आत गेला.

“सुधारला गं बगळा,” सासूबाई हसल्या. “आता स्वतःचं जहाज मिळणार, चाल बदलायलाच हवी!”

मीही हसले. पण त्या दिवसापासून मी त्याच्या पायांकडे बघायला लागले. बाकी सगळं जागच्या जागी होतं. हनुवटीवरचा व्रण. चहात कमी साखर. मला हाक मारायचं लाडकं नाव. सगळं अचूक, पाठ करून आल्यासारखं.

ठकू त्याच्याकडे जाईना. रडायची नाही, त्याच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या दाराकडे बघून खुदकन हसायची.

“नवीन माणूस आहे, होईल सवय,” सासूबाई म्हणाल्या.

मग एका संध्याकाळी जहाजावरचा डॉक्टर भेटायला आला. नवरा आंघोळीला गेला होता.

“वहिनी, सांगितलं का याने? वादळात लाटेने डेकवरून उचलला याला. आम्ही आशाच सोडली होती. आणि बघतो तर हा आपल्या केबिनमध्ये बसलेला!”

“पोहत आला?”

डॉक्टरने कप बशीत फिरवला. “तेच कळत नाही. कपडे कोरडे होते. केससुद्धा.”

न्हाणीघराचं दार वाजलं. डॉक्टर अर्धा चहा टाकून उठला.

जेवताना नवरा म्हणाला, “उद्या ठकूला जहाज दाखवून आणतो.”

“मीही येते.”

“नको. तू दमतेस. आम्ही दोघंच जाऊ.”

“अगं, जाऊ दे की, बाप आहे तिचा!” सासूबाई म्हणाल्या. मी ताटं उचलायला लागले.

सकाळी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. तो पांढऱ्या गणवेशात, बूट घालून, बाहेरच्या खोलीत थांबला होता. मी स्वयंपाकघरात दुधाची बाटली भरत होते. उगीच सावकाश. ठकूला मी आतल्या खोलीत पलंगाला धरून उभं केलं होतं.

मागे पावलं वाजली. इवलीशी, अनवाणी.

ठकू चालत येत होती. आयुष्यात पहिल्यांदा. भिंत नाही, पलंग नाही. एक हात मात्र वर ताणलेला, कुणाचं तरी बोट धरावं तशी मूठ घट्ट.

स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. वर पाहिलं.

मग तिने पाऊल उंच उचललं, आणि सपाट फरशीवरून नसलेला उंबरा ओलांडला.

“झाली का तयारी?” बाहेरून आवाज आला.

मी बाहेरच्या खोलीकडचं दार लावलं. कडी घातली.

ठकूने हात खाली घेतला नव्हता. तिच्या मुठीतून कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं.