बहुतेक आणि चौदा नंबरचं घरटं

"नक्की सांग! उद्या समुद्र इथवर येणार की नाही?"

शाल्मलीने कमरेवर हात ठेवून विचारलं. समोर उभा होता बहुतेक, खारवलीचा किनारा राखणारा सहा पायांचा यंत्रमानव. त्याचं खरं नाव भलं लांबलचक होतं. पण काहीही विचारलं की 'बहुतेक' म्हणायची त्याची खोड अशी, की गावातल्या पोरांनी त्याचं नव्याने बारसं करून टाकलं होतं.

"दहापैकी दोन," बहुतेक म्हणाला.

"हे काय उत्तर झालं? अंदाजपंचे दाहोदरसे!"

तिला राग यायला कारण होतं. चौदा नंबरचं घरटं तिचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी कासवीण येऊन गेल्याच्या खुणा सगळ्यांत आधी तिलाच दिसल्या होत्या. वाळूखाली शंभर अंडी होती आणि रोज शाळेत जाताना ती त्यांना "येते हं" असं सांगून जायची. आता उद्या अमावास्येचं उधाण, त्यात वादळी वारा.

भाऊआजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, शेजारी वाळूत बसले होते. त्यांचा सगळा जन्म समुद्राचा अभ्यास करण्यात गेला होता.

"अगो, 'नक्की' त्यालाही ठाऊक नाही," ते हसून म्हणाले. "ठाऊक असल्याचं सोंग तो आणत नाही, एवढाच त्याचा गुन्हा."

"मग अंडी वर केवड्यापाशी हलवूया ना!"

"इतक्या दिवसांची अंडी हलवली, तर माझ्या नोंदींप्रमाणे शंभरातल्या दहाएकांतून पिल्लं बाहेर येत नाहीत," बहुतेक म्हणाला.

शाल्मलीचा चेहरा पडला. हलवावीत तर दहा जाणार, नाही हलवावीत तर कदाचित सगळीच. इकडे आड, तिकडे विहीर!

आजोबांनी वाळूवर दहा शिंपले मांडले. त्यातले दोन त्यांनी पालथे केले.

"हे दहा 'उद्या' आहेत असं समज. सगळ्यांत असंच उधाण, असाच वारा. दोनांत पाणी घरट्यापर्यंत येतं, आठांत येत नाही. याला म्हणतात संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता आकड्यात सांगणं). आपल्या वाट्याला यातला कोणता येणार, ते आज कुणालाच कळत नाही. आता मोज. घरटं हलवलं नाही तर?"

"आठ शिंपल्यांत शंभर-शंभर पिल्लं. आठशे. पालथ्या दोनांत एकही नाही."

"आणि हलवलं तर?"

"दहांतही नव्वद-नव्वद." तिचे डोळे मोठे झाले. "नऊशे!"

"म्हणजे सरासरी (सगळं सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला येईल तेवढं) काढली, तर हलवून नव्वद, न हलवता ऐंशी. पाऊस पडायची शक्यता दहापैकी दोनच असली की तू छत्री नेतेस का?"

"छे! भिजले तर डोकं पुसायचं."

"इथेही दोनच आहेत. पण इथे गेलं तर सगळं घरटंच जाईल. किती वेळा जाईल आणि गेलं तर किती जाईल, हे दोन्ही मिळून जोखीम ठरते. सांग आता, घरटं तुझं आहे."

शाल्मली उठून उभी राहिली. "हलवूया."

सूर्य बुडेपर्यंत ते काम चाललं. एकेक अंडं जसं होतं तसंच, जराही न फिरवता उचलायचं. बहुतेकने आपले सहाही पाय अगदी जपून टाकले.

दुसऱ्या दिवशी उधाण आलं, गरजलं आणि जुन्या खड्ड्यापासून दहा पावलांवरूनच मागे फिरलं. तिथे शाल्मलीच्या चपलेचा ठसासुद्धा जसाच्या तसा होता.

"उगाच हलवली! माझ्यामुळे मरणार ती!" ती हुंदके देऊन रडली. चार दिवस ती बहुतेकशी बोलली नाही. तो बिचारा रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा.

पाचव्या दिवशी आजोबांनी तिला जवळ घेतलं. "डोळे मिटून रस्ता ओलांडलास आणि सुखरूप पोचलीस, तर ते शहाणपण का?"

"नाही."

"मग डोळे उघडे ठेवून चालताना ठेच लागली, तर तो मूर्खपणा का?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"निर्णय आज घ्यायचा असतो, बाळा, आणि उद्या काय होणार ते उद्याच कळतं. तुला जेवढं कळण्यासारखं होतं, तेवढं सगळं बघून तू ठरवलंस. वाईट वाटणारच, वाटू दे. पण स्वतःला दोष देऊ नकोस."

शाल्मलीने डोळे पुसले आणि दारातल्या बहुतेकला आत बोलावलं.

महिन्याभराने एका पहाटे केवड्यापाशी वाळू हलली. इवली इवली काळपट पिल्लं धडपडत समुद्राकडे निघाली. शाल्मलीने श्वास रोखून मोजली. अठ्ठ्याऐंशी! बारा अंडी तशीच राहिली होती. तिने त्यांच्यावर वाळू सारली, तिथे क्षणभर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "येते हं."

मग ती बहुतेककडे वळली. आज तिने 'नक्की सांग' म्हटलं नाही. "यातली किती मोठी होऊन परत येतील? कितीपैकी किती?"

"हजारात एखादं."

तिने बोटांवर हिशेब केला. "मग एक घरटं पुरायचं नाही. या वर्षी किनाऱ्यावर चाळीस आहेत. सगळी सांभाळली, तर तीन-चार तरी येतील!"

आजोबांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर टपली मारली.

शेवटचं पिल्लू लाटेशी पोचलं होतं. शाल्मलीने त्याला हात केला.

"परत येशील हं!" ती ओरडली. मग जराशी थांबली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "बहुतेक."