हात ठेवून अडतीस

बाबांच्या वर्कशॉपमध्ये संगणकावर चालणारं, धातू कापणारं एकच सीएनसी मशीन आहे. बाबा गेल्यापासून त्याचं टेबल थरथरत होतं.

काम चालू असताना नाही, थांबल्यावर. टेबल पुढेमागे नेणारी सर्वो मोटर जागेवर उभी राहिली की गुणगुणायची, आणि पडद्यावरचा आकडा अधिक चार, उणे चार मायक्रॉन असे हेलकावे खात राहायचा. टेबलाला आपली जागा माहीत होती, पण तिथं बसवत नव्हतं.

मी दुसऱ्या कारखान्यात अशी मशीन दुरुस्त करायचीच कामं करते, म्हणून काकांनी बोलावलं. तीन वाजता गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. नमुन्याचं भोक गोल आलं नाही तर काम जाणार, आणि काम गेलं तर काका वर्कशॉपचं शटर कायमचं ओढणार, हे त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं.

"अंगात आलंय त्याच्या," काका म्हणाले.

"केबल बदलली?"

"केबल बदलली, कपलिंग आवळलं, स्क्रूला तेल दिलं. पाया पडायचं तेवढं राहिलंय."

मी टेबलावर लेव्हल ठेवली, उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा बरोबर मध्ये. मोटरीच्या मागचा, जागा मोजणारा एन्कोडर स्वच्छ. मग बाबांची वही काढली. चूक झाली की मोटरीनं ती किती जोरानं दुरुस्त करायची, तो गेनचा आकडा बाबा तीत पेन्सिलनं टिपून ठेवायचे. शेवटची नोंद गेल्या वर्षीची होती: "हात ठेवून ३८. भार ६. हात काढून बघायचं राहिलं."

गेल्या वर्षीच बाबांना फार वेळ उभं राहणं जड जाऊ लागलं होतं. टेबल थांबलं की ते कडेला डावा तळवा टेकायचे. गेन जुळवतानाही तसेच टेकले असणार. वर्षभर कुणाला कळलं नाही, कारण वर्षभर तो हात तिथं होता.

मी कडेला तळवा टेकला. गुणगुण थांबली. पडद्यावरचा भाराचा आकडा, म्हणजे बाहेरच्या दाबाविरुद्ध मोटर किती जोर लावतेय तो, शून्यावरून चारवर गेला.

काका हसले, मग चष्मा पुसायला लागले. "दादा पण ना. आम्हाला जन्मभर ओरडला, टेबलाला हात लावू नका म्हणून."

हाताशिवाय अडतीस जास्त होतं; मी हात काढला आणि गेन उतरवत आणला. एकोणतीसवर टेबल आपलं आपण शांत राहिलं. नमुना काढून मोजला. भोक गोल होतं. आम्ही चहा घेतला. मला बरं वाटायला हवं होतं.

चहानंतर पाहिलं, तर भार सहा होता, बाबांच्या वहीतल्याइतकाच.

टेबल थांबलेलं होतं.

"काका, तुम्ही टेकलात का?"

"मी इथं आहे की." ते दारात होते.

मी टेबलाभोवतीचा कीस झाडला. कुठं काही अडकलेलं नव्हतं. मोटर गार होती. जुना ड्राइव्ह आहे, आकडा सरकला असेल, असं म्हणून सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

शून्य. मग सहा.

तीन वाजता तपासनीस आला. त्यानं नमुना दोनदा मोजला. "आधीपेक्षा चांगलं आलंय. मशीन कुणी लावलं?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी आकड्याकडे बघत होते.

तो गेल्यावर काकांचा हात मेन स्विचकडे गेला.

"राहू द्या ना."

"का?"

टेकलेल्या माणसाचा आधार काढून घेऊ नये, हे मला म्हणता आलं नाही.

काकांनी स्विच पाडला. पंखा थांबला. मोटरीनं धरलेला जोर सुटला.

टेबल दोन सूत, पाव इंचभर सरकलं. आमच्यापासून दूर.

काकांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "उतार असेल," ते म्हणाले.

मी पुन्हा लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता.

मग माझ्यादेखत तो एक रेघ पलीकडे गेला, बाबा टेकायचे ती अलीकडची कड दाबल्यावर जातो तसा, आणि तिथंच थांबला.