वडापची जीप आन् बॅटरीची बस

“ओ ड्रायव्हर, गाडी काढा आधी! बसस्टॉप काय तुमच्या आजोबांनी बांधलाय?”

“व्हय, बांधलाय,” इंद्रजीत म्हणाला. “वरचा पत्रा बघा. आजोबा सरपंच होते तवाच घातलाय त्यो.”

खोटं होतं. आजोबा जन्मात सरपंच झाले नव्हते. पण भांडणात तोंडाला येईल ते बोलायचं, ही इंद्रजीतची रीत. नववीत शाळा सुटली तीही अशाच एका उत्तरापायी.

समोर कंडक्टर उभी होती. राजश्री, दौंडची. तिची बस बॅटरीवरची, नवीकोरी, आत गारेगार. सकाळी दौंडहून निघायची, यवतला थांबायची आन् हडपसरला जायची. त्याच वाटेवर इंद्रजीतची जीप वडाप करायची. म्हंजी माणसं भरायची, आन् भरल्याशिवाय हलायची न्हाई. जीप गच्च झाली तरी इंद्रजीत म्हणायचा, “सरका की जरा, अजून एक पाव्हणा हाय.”

“चला, हडपसर हडपसर!” तो ओरडला. मुद्दाम तिच्या कानाशी.

“गारेगार हडपसर!” ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

लोक हसले, आन् जीपमधी बसले. भाजीची पाटी घेतलेल्या सोजराबाईंनी बसकडं बघून मान हलवली. “काचा बंद असत्यात बाई तिच्या. जीव घुसमटतो. आन् माझी पाटी कुठं ठेवू? मांडीवर?”

बस निम्मी रिकामी गेली. जाताना राजश्रीनं दारातनं इंद्रजीतकडं बघितलं... रागानं. पण रागानं बघायला एवढा वेळ लागतो का? त्यानं जरा इचार केला आन् सोडून दिला.

मग हे रोजचंच झालं.

“कंडक्टरबाई, एवढ्या मोठ्या बसमधी एकट्याच का?”

“बसायला जागा तर हाय. तुमच्यात माणसाच्या मांडीवर माणूस.”

“आपुलकी म्हणत्यात त्याला.”

“आमच्याकडं घाम म्हणत्यात.”

तिकिटाचं मशीन डाव्या हातात, केसांना काळी क्लिप, आन् हसू आलं की खालचा ओठ दाताखाली. हे सगळं त्यानं बघितलं होतं. बघायचं न्हाई असं ठरवून बघितलं होतं.

एका सोमवारी जीपची क्लचप्लेट गेली. नवी आणायची तर हडपसरला जायला पायजे, आन् जायचं कशानं? स्टॉपवर त्याचेच रोजचे गिऱ्हाईक, आज सगळे बसची वाट बघत होते. बस वळली तशी रेटारेटी सुरू झाली. इंद्रजीत पळत बसच्या बाजूला गेला, खिशातनं रुमाल काढला आन् जागा धरायला खिडकीतनं आत फेकला.

काचा बंद असत्यात हे सोजराबाई रोज सांगत होत्या. पण लाल एसटीत रुमाल टाकून मोठ्या झालेल्या हाताला ते कोण सांगणार? रुमाल काचेला चिकटला, घसरला आन् चिखलात पडला.

आत राजश्री ओठबिठ विसरून खदाखदा हसली. “या आत. उभं ऱ्हायला जागा हाय... मालक.”

तो तिच्या सीटजवळ दांडी धरून उभा ऱ्हायला. जीपमधी इंजिनच्या आवाजात काहीबी बोललं तरी खपतं. ह्या बसमधी माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग बोलणं आपोआप हळू झालं.

“आज भरली तुमची बस,” तो म्हणाला.

“आज. उद्या तुमची जीप नीट झाली की परत रिकामी.” ती मशीनकडं बघत बोलत होती. “महिनाअखेर साहेब तिकिटांचा हिशेब बघणार हायेत. अशीच चालली तर ही फेरी बंद. आन् माझी बदली.”

“कुठं?”

“लांब.”

“किती लांब?”

“तुमची जीप पोचणार न्हाई एवढं.”

हडपसरच्या अलीकडं सगळं ठप्प झालं. मोटारी, जीपा, टेम्पो, हॉर्न. एकेका मोटारीत एकेक माणूस कपाळाला हात लावून बसलेला.

“ही सगळी चारदोन बसमधी मावली असती,” राजश्री म्हणाली.

“मग आमी काय जीप इकायची?”

“मी कुठं असं म्हणलं? आतल्या गावांत माझी बस जात न्हाई. तिथली माणसं फाट्यापर्यंत पायी येत्यात...” आन् ती तिकिटं द्यायला मागं गेली.

क्लचप्लेट बसली. दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनं जीप हायवेला न घालता खोरच्या रस्त्याला घातली. वडील हौसराव दारात आडवे आले. “चालता धंदा सोडून खडकातनं जीप फिरवतो? डोकं फिरलंय का तुझं?”

“फिरलंय,” तो म्हणाला. भांडणात त्यानं खरं बोलायची ही पहिलीच वेळ.

भांडगाव, खोर, वाड्यावस्त्या. माणसं गोळा करायची आन् बसच्या टायमाला यवतला आणून उतरवायची. सोजराबाईंची पाटी तर तो सोता बसमधी चढवायचा, शेवटच्या सीटमागं. “पोरा,” त्या एक दिवस म्हणाल्या, “डिझेल तू जाळतोस आन् सीट तिची भरतोस. सगळं कळतं बरं आमाला.”

पाटी आत घेताना राजश्रीचा हात त्याच्या हाताला लागायचा, आन् काढायची गडबड दोघांनाबी नसायची.

महिना सरला. त्या सकाळी ती बसमधनं खाली उतरली. माणसं चढत होती, ती त्याच्यापुढं उभी ऱ्हायली.

“फेरी ऱ्हायली.”

“आन् तुमी?”

“मीबी.” मग जरा थांबून, “हायवे का सोडलास?”

सोडलास. पहिल्यांदाच आरंतुरं. त्यानं जीपच्या टायरकडं बघितलं.

“बस बंद झाली असती.”

“बसची लई काळजी तुला!”

“बसची न्हाई... तू गेली असतीस.”

बंद काचांमागं सोजराबाईंचं नाक चपटं झालेलं दिसत होतं.

“रविवारी सुट्टी हाय माझी,” राजश्री म्हणाली. “दौंडला ये. आईला सांगून ठेवलंय, यवतचा एक भांडखोर येणार हाय. तिला आवडला तर ठीक... न्हाई आवडला तरी मला आवडलाय.”

इंद्रजीतनं त्योच चिखलात पडलेला रुमाल काढला आन् घाम पुसला.

जीपमधनं दूधवाला बाळासो ओरडला, “आरं, किटल्या तापल्या की!”

“मला... मला निघाया पायजे आता,” इंद्रजीत म्हणाला, आन् रविवारपतुरचे दिवस मोजत निघाला.