कुठं चालली वं पोरी?

एसटीतून पाय खाली टेकवला आणि मला शिंक आली. मग दुसरी. मग थांबायचं नावच नाही! भिवापूरच्या हवेत नुसतं तिखट भरलेलं होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईनं दिलेला मिक्सर, डोळ्यांतून धारा... आणि समोर कुणीतरी ओला दुपट्टा धरला.

"नाकावर धरा, मॅडम. बरं वाटन."

धरला. डोळे उघडले, तर एक उंच, सावळा मुलगा गालात हसत होता. मला असा राग आला!

"हसताय काय?"

"हसून नाही राहिलो. मी दुर्गेश. शोभाताईचा पोरगा. तुम्ही दवाखान्यातल्या नव्या मॅडम ना? आमच्याच वरच्या खोलीत राहणार ना."

"ओळखलं कसं?"

"शिंकांवरून. गावातलं कोणी शिंकत नाही."

मी हर्षा. नागपूरची. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली भिवापूरला. आई म्हणाली, "जा, वर्षभर काढ, मग बदली करून घेऊ." म्हणून मी बॅग भरायच्या आधीच मनानं परतीची तयारी केली होती.

शोभाताईंच्या घराला लागूनच त्यांचा मिरचीचा सातरा होता. उघड्या पटांगणात लाल ढीग, आणि भोवती बायका बसून मिरच्यांचे देठ खुडायच्या, गप्पा मारत. दुर्गेशनं माझं कपाट एकट्यानं जिन्यावरून वर चढवलं आणि घाम पुसत म्हणाला,

"भिंतीले लावून ठेवतो. उतरवाले सोपं जाते."

"आत्ताच तर आले मी!"

"इथं येणारा प्रत्येक जण बदलीचा विचार करूनच येते, मॅडम. सगळ्यायचं सामान मीच चढवलं, अन् मीच उतरवलं."

खरंच होतं ते.

पहिले काही दिवस मी नुसती चिडलेली असायची. मी कुठली भाजी घेतली ते भाजी शिजायच्या आधी गावाला माहीत. समोरच्या ओट्यावर बाबनराव नावाचे म्हातारे बसायचे. मी दाराबाहेर पडले रे पडले की त्यांची हाक, "कुठं चालली वं पोरी?" सकाळी तेच, संध्याकाळी तेच. एक दिवस माझा तोल गेला.

"तुम्हाला काय करायचंय हो, काका?"

ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी समोरून गेले, तर मान खाली घालून सुपारी कातरत बसले. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

संध्याकाळी दुर्गेश जिन्याशी उभा होता.

"बाबनकाकाले काहून बोलल्या तुम्ही?"

"सारखं विचारतात! मी कुठे जाते याचा हिशेब द्यायचा का?"

"विचारून नाही राहिले ते. आमच्या इकडचा नमस्कारच हाय तो. खरं उत्तर कोणी मागत नाही, मॅडम... फक्त 'चालली काका' म्हणाचं."

रात्री झोप लागेना. सकाळी ओट्यासमोर मुद्दाम थांबले. "काका, दवाखान्यात चालली मी."

त्यांनी वर पाहिलं. सगळा चेहरा हसला. "जा बाप्पा, जा. ऊन हाय, डोक्यावर पदर घे."

पदर कुठला, अंगात कुर्ता होता. पण मी ओढणी घेतली डोक्यावर.

त्यानंतर गाव हळूहळू माझ्याशी बोलायला लागलं. आणि दुर्गेशही. सातऱ्यावरच्या बायकांसाठी तो डोळ्यांचे थेंब न्यायला दवाखान्याच्या खिडकीशी यायचा. एकदा म्हणाला, "आज माह्यासाठी पाहिजे."

"तुमचे डोळे तर ठीक दिसतात."

"दुरून ठीकच दिसतीन. जवळून पाहा ना."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी थेंबांची बाटली त्याच्या हातावर आपटली, आणि दिवसभर कामात चुका केल्या. पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा शोभाताईंनी खिमट आणलं, आणि हा जिन्यात बसून राहिला... वर न येता. "काही लागलं तर हाक मार," म्हणाला. 'मॅडम' कुठं गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

दिवाळीला नागपूरला गेले. सीताबर्डीवर मैत्रिणींसोबत खरेदी केली, पाणीपुरी खाल्ली. आणि त्या तुडुंब गर्दीत एकाएकी वाटलं, इतके खांदे लागतायत, पण मी कुठे चालले हे इथे कुणालाच नको आहे. आधी याच गोष्टीला मी मोकळेपणा म्हणायची.

संक्रांतीनंतर, आल्या आल्याच मागितलेल्या बदलीची ऑर्डर आली. नागपूर! आईनं फोनवरच पेढे वाटायचं ठरवलं. मी सातऱ्यावर जाऊन दुर्गेशला सांगितलं. तो मिरचीचं पोतं शिवत होता. सुई थांबली.

"चांगलं झालं."

"बस? एवढंच?"

"मी कोणाले थांब म्हणत नाही, हर्षा. तुह्या माय-बापाचं घर हाय तिकडं. मी कोण होतो म्हणणारा?"

इतका राग आला, की तशीच पाय आपटत निघून आले.

जायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. दुर्गेशनं कपाट पाठीवर घेतलं, चढवलं होतं तसंच, एकट्यानं. मी मिक्सर हातात घेऊन मागे. आणि समोरच्या ओट्यावरून रोजची हाक आली,

"कुठं चालली वं पोरी?"

सवयीनं तोंड उघडलं. 'नागपूरला चालली, काका.' तीनच तर शब्द. निघेचनात. डोळे वाहायलाच लागले.

दुर्गेशनं कपाट खाली टेकवलं. "काय झालं?"

"काही नाही... मिरची लागली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "संक्रांतीपासून तुले एक शिंक नाही आली, हर्षा. रोज पाहून राहिलो मी. तुले आता मिरची लागत नाही. मग काहून रडून राहिली?"

"तुझ्यामुळे!" मी ओरडलेच. "सगळ्यांचं सामान उतरवतोस... माझं तरी नको म्हणायचं होतंस!"

जन्मभर मिरचीत वावरलेला माणूस, आणि डोळ्यांत पाणी!

"नको जाऊ," तो म्हणाला. "मले करमणार नाही. थांब ना... माह्यासाठी."

बस, एवढंच तर हवं होतं. बदली मी मागितली होती, नाही म्हणायचा अर्जही मीच करणार होते. आई चिडेल, मग रडेल, मग जावई बघायला येईल. येताच शिंकेल. तेव्हा ओला दुपट्टा घेऊन स्टँडवर कुणाला पाठवायचं, हेही माझं ठरून गेलं होतं.

"अवं," ओट्यावरून बाबनकाका वैतागले, "कवाचा विचारून राहिलो! कुठं चालली?"

मी मिक्सर दुर्गेशच्या हातात दिला आणि डोळे पुसले.

"कुठंच नाही, काका!"