दोन वाजता लागणारं कुलूप

साहेब, अहवालात तुम्ही लिहिलंत, "गेमच्या नादात वेळेचं भान राहिलं नाही." धडधडीत खोटं! कुलूप तुम्ही बसवलंत.

मीठमसाला लावलेला नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. शनिवार होता, भर दुपार.

वाचनालयाच्या तळघरात सहा संगणक. सभासद तिथे ऑनलाइन गेम खेळायचे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्याच तोंडून बोलायचं. एक निवृत्त टायपिस्टबाई 'रणरागिणी' व्हायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण पडद्यावर तटावरून उड्या मारायच्या!

सगळी वाचनालयं चालवणाऱ्या तुमच्या कार्यालयाने तळघराला आपोआप लागणारं कुलूप बसवलं. शनिवारी दोनला बंद, सोमवारी नऊला उघडणार. आतून उघडायची सोय नाही. आत्याने तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच... "नोंद घेतली."

त्या शनिवारी आत्याने जिन्यावरूनच हाक मारली, "चला, वेळ संपली!" बाईंच्या कानांवर हेडफोन. त्यांचा मोबाइल नियमाप्रमाणे काउंटरच्या खणात.

आत्याही खेळायची. घरी जाऊन तिने आपल्या मोबाइलवर तोच गेम उघडला. रणरागिणी लिहीत होती...

"दार उघडा. श्वास लागतोय."

आत्याला वाटलं, घरी बसून काय झकास वठवतात बाई! तिने ऐटीत लिहिलं, "धीर धर, रणरागिणी! आधी राक्षसाचं कोडं सोडव!"

बाकीच्यांनी हसरे चेहरे पाठवले.

"अगं, खरंच उघड..."

मग काहीच नाही.

सोमवारी बाई खुर्चीतच सापडल्या. थंडगार.

तुम्ही गेम बंद केलात. संगणक उचलून नेलेत. कुलूप मात्र ठेवलंत!

आज पुन्हा शनिवार. दोन वाजून गेले. आत्या एकटीच काउंटरवर... खालून आवाज आला.

खट खट खट खट.

टायपिंगचा. तळघरात तर आता साधी खुर्चीसुद्धा नाही.

आत्याने बंद दाराला कान लावला. "बाई, चुकलं हो माझं..."

आवाज थांबला.

तिचा मोबाइल थरथरला. तिने तो गेम केव्हाच काढून टाकला होता. तरी पडद्यावर रणरागिणी...

"रडू नकोस गं. इथे अजून कुणीतरी दार ठोठावतंय. त्याचा श्वास चालू आहे."

आत्याने दार फोडून घेतलं. तळघर रिकामं. तुमच्या कार्यालयात फोन केला. "सोमवारी बोला," म्हणाले.

साहेब, हेच कुलूप अजून कुठल्या वाचनालयात बसवलंय? तीन वाजत आलेत. सांगा!