एक लांब शिट्टी

माझ्या सायकलची चेन पडली नसती, तर सुफियान परकार मला दिसलाच नसता. तो नेहमी सगळ्यांच्या मागे असायचा.

ऑक्टोबर संपत आला होता, मस्कतची हवा नुकती कुठे माणसात आली होती. शुक्रवारची पहाट. अझैब्याहून निघालेला आमचा नऊ जणांचा ग्रुप डोंगराकडच्या कच्च्या वाटेला लागला होता. मी त्यात नवी. भाईजानची जुनी माउंटन बाइक घेऊन आलेली. चढावर खाडकन आवाज झाला आणि पेडल नुसतंच गरगर फिरायला लागलं. बाकीचे वळणाआड गेले... मी खाली बसून चेनशी झटापट करू लागले.

"हात लावू नका, काळे होतील."

"झाले," मी दोन्ही हात वर करून दाखवले.

तो हसला. काटकीने चेन उचलली, पेडल उलटं फिरवलं, आणि चेन शहाण्यासारखी जागेवर बसली.

"तुम्ही मागे कसे राहिलात?" मी विचारलं.

"मी शेपूट आहे."

"काय?"

"ग्रुपचं शेपूट. जो सगळ्यात शेवटी, त्याच्याही मागे मी. कोणाच्या पुढे जायचं नाही, हा देवानंदसरांचा नियम." गळ्यातली शिट्टी त्याने बोटावर फिरवली. "शेवटचा माणूस चढून आला की एक लांब शिट्टी. म्हणजे मागे कोणी नाही, पुढे चला."

"म्हणजे मी शेवटची आहे हे आता डोंगरभर कळणार?"

"नाही वाजवली तर सगळे थांबून राहतील..." त्याने शिट्टी परत गळ्यात सोडली. "मला चालेल म्हणा."

वर चढेपर्यंत कळलं, तो जयगडचा. मी पावसची. "मग एवढं तुम्ही-तुम्ही कशाला करतोय गो आपण?" तो म्हणाला, आणि ते 'गो' ऐकून माझा गिअरच चुकला.

त्यानंतर माझी चेन फार पडायला लागली. दर शुक्रवारी, बरोबर वळणाआड. चौथ्या वेळी त्याने सायकल उलटी केली, चेनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उजमा, ही मी गेल्याच शुक्रवारी घट्ट केली होती."

"धूळ फार आहे ना इथे..."

"धुळीला बोटं नसतात. हात दाखव बघू."

मी हात पाठीमागे लपवला. त्या दिवशी चेन बसवायला त्याला पंधरा मिनिटं लागली. एरवी एक पुरायचं.

डिसेंबरात देवानंदसरांनी जाहीर केलं, "मसिरा बेट. एका दिवसात." सर बांधकाम कंपनीत इंजिनिअर, सहलसुद्धा टेंडर असल्यासारखी काढायचे. "शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की निघायचं, रात्री शन्नाच्या धक्क्यावर तंबू. शनिवारी पहिल्या फेरीबोटीने बेटावर, शेवटच्या बोटीने परत. रमझानच्या आत उरकायचं. नियोजन सुफियान आणि उजमा करतील. यल्ला, चला!"

मग दर मंगळवारी ऑफिस सुटल्यावर रुवीच्या एका कॅफेटेरियात आमची बैठक भरायची. माहनूरभाभीचा 'कुठे पोचलीस?' असा फोन येईपर्यंतचा अर्धा तास. दोन करक चहा, आणि मध्ये त्याने हाताने काढलेला बेटाचा नकाशा. तो वहीच्या कागदावर लिहून वाचून दाखवायचा, मी उतरवून घेऊन घरी टाइप करायची. माणशी चार लिटर पाणी. दोन जादा ट्यूब. खारा वारा, म्हणून चेनला तेल.

"जाताना वारा तोंडावर घ्यायचा," तो पेन्सिलीने बाण काढत म्हणाला, "येताना पाठीवर. दमल्यावर तरी कोणीतरी ढकलायला हवं."

"शेपूट आहे की ढकलायला."

"शेपूट फक्त मागे असतं. ढकलत नाही."

"का? भीती वाटते?"

त्याने चहाचा घोट घेतला. कान मात्र लाल झाले होते.

"एकतीस जानेवारी धरू या," तो म्हणाला. "शनिवार आहे."

त्या दिवशी आमच्या सिदराचा वाढदिवस होता. भाईजानची लेक, तिसरं वर्ष. तेवढं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण समोर ते लाल कान होते... मला ते अजून लाल झालेले बघायचे होते.

"एकतीसला नाही जमणार," मी चहात चमचा फिरवत म्हटलं. "घरी पाहुणे येणारेत."

"कोणते पाहुणे?"

"बघायला येतात ना, ते."

मी वाट बघितली. आता हा काहीतरी बोलेल. निदान रागावेल. 'मुलगा काय करतो?' एवढं तरी विचारेल...

त्याने कागदावरचा एकतीस खोडला. "मग सात फेब्रुवारी चालेल?"

"चालेल," मी म्हटलं, आणि भाभीचा फोन वाजला.

फेरीबोटीच्या बुकिंगला सगळ्यांच्या रेसिडेंट कार्डांच्या प्रती लागायच्या. आठ आल्या. त्याची येता येत नव्हती. तीनदा मागितली तेव्हा आली. फोटोत तो इतका गंभीर दिसत होता की मी मोठा करून बघत बसले. मग खालची तारीख दिसली. मुदत चार फेब्रुवारीला संपत होती.

'कार्ड संपतंय तुझं. रिन्यू करशील ना?' मी मेसेज टाकला.

'इन्शाल्ला,' त्याचं उत्तर.

इथे सगळ्यांचीच कार्डं संपतात, सगळ्यांचीच रिन्यू होतात. मी त्याचं नाव यादीत घातलं.

तीस तारखेच्या शुक्रवारी डोंगरमाथ्यावर त्याने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

"सातला शेपूट तू हो."

"आणि तू पुढे जाऊन काय दिवे लावणार?"

"माझी फ्लाइट आहे. चार तारखेची." तो समुद्राकडे बघत बोलत होता. "माझी सेफ्टी ऑफिसरची जागा ओमानी मुलाला दिली. त्यांचा देश आहे, त्यांच्या मुलांना नोकऱ्या नकोत का... नोव्हेंबरातच सांगितलं होतं कंपनीने."

"म्हणून एकतीस म्हणत होतास?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या घरी पाहुणे येणार होते ना! मी कशाला मध्ये येऊ?" त्याने पायाने एक खडा ढकलला. "अम्मी वर्षभर मागे लागली होती. मी टाळत होतो. तुझं ऐकलं, त्याच आठवड्यात तिला हो सांगून टाकलं. चिपळूणची आहे मुलगी."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पाहुणे नव्हते रे, केक होता. फुगे होते. तुझे कान बघायचे होते मला... एवढंच तर बोलायचं होतं. पण मी भलतंच विचारून बसले.

"नाव काय तिचं?"

"रईसा."

नाव नसतं तर मी बोलले असते. आता तिकडे चिपळुणात एक खरी मुलगी होती, नाव असलेली. कोणाकोणाला फोन करून बातमी सांगत असलेली.

"उद्याच ना गो, तुझे पाहुणे?" त्याने विचारलं. अगदी हळू. मी नाही म्हणेन म्हणून विचारत असल्यासारखं.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. खिशातून वहीचे कागद काढून दिले. "मूळ प्लॅन. टाइप करताना काही सुटलं असेल तर बघ."

दुसऱ्या दिवशी मी चाळीस फुगे फुगवले. "तोंड दुखलं का गं, उजमा? डोळ्यांत पाणी आलंय," भाभी म्हणाली. मी म्हटलं, हो, फुगेच कडक आहेत.

सात तारखेला आम्ही आठच जण मसिऱ्याला उतरलो. वारा तोंडावर, त्याने सांगितला होता तसा. डावीकडे समुद्र, उजवीकडे तपकिरी टेकड्या, आणि सगळ्यांच्या मागे मी. मागून कोणाच्या टायरखाली खडी करकरत नव्हती. तरी मी दोनदा वळून बघितलं.

आठवडाभर ते कागद मी उघडले नव्हते. सव्विसाव्या किलोमीटरला सगळे संत्री सोलत बसले तेव्हा उघडले. सगळं तसंच होतं, मी टाइप केलेलं. पाणी, ट्यूब, तेल. फक्त एक ओळ त्याने मला कधी वाचून दाखवली नव्हती. पेनाने दोनदा खोडलेली, तरी खालची पेन्सिल दिसत होती—

'कि. मी. ३१, कातळाची सावली. इथे उजमाची चेन पडेल. बाकीच्यांनी पुढे जावं. मला पंधरा मिनिटं लागतील. आज विचारायचंच.'

मी कागद घडी करून ठेवला. संत्र्याची एक फोड कोणीतरी हातावर ठेवली, ती खाल्ली.

एकतिसाव्या किलोमीटरला कातळ होता. सावलीही होती, दोघांना पुरेल एवढी. ग्रुप वळणाआड गेला. मी उतरले. चेन पडली नाही. त्यानेच शेवटची घट्ट केली होती. मग मी बोट घालून ती स्वतः काढली, आणि काळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वाऱ्याने घाम वाळत गेला. बरोबर पंधरा मिनिटं.

"शेपूट!" पुढून देवानंदसरांची हाक आली. "उजमा! थांबायचं का तुझ्यासाठी? मागे आहे का अजून कोणी?"

मी काटकी शोधली. चेन उचलली, पेडल उलटं फिरवलं. पहिल्या फटक्यात बसली.

मग शिट्टी ओठांना लावली, आणि वाजवली. एकच, लांब.